हिराबाईंच्या गळ्यावरचे घर

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरविश्रांती घेत आहेत. उरुसात तिथे गाणे होते, तेव्हा किराणा घराण्याची आठवण निघतेच. त्या आठवणीत घराणे असते, घर सहसा नसते. मला मात्र घराविषयीच लिहायचे आहे.

खाँसाहेबांची थोरली मुलगी चंपाकळी मिरजेत १९०५ साली जन्मली. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. १९२०च्या आगेमागे ताराबाईंनी पाच मुलांसह नवऱ्याचे घर सोडले आणि मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची सरस्वती (पुढे सरस्वतीबाई राणे), चंपाकळीची हिराबाई.

पाच मुले आणि एकटी बाई! बँकेत हयात गेलेल्या माणसाला आधी आकडे दिसतात. १८९८च्या फौजदारी कायद्यात पोटगीचे कलम होते, ४८८वे. बायको आणि मुले मिळून महिना ५० रुपये ही कमाल. १९२३मध्ये ती १०० झाली. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याजवळ राहायला नकार देणाऱ्या बायकोला काहीच नाही, आणि कारण पुरेसे आहे की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवणार. मुलांचा हक्क वेगळा, पण तोही मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही तोवरच. म्हणजे मुलगी गाऊन चार पैसे मिळवू लागली की बापाची जबाबदारी आटोपली.

हिराबाई लवकरच मिळवू लागल्या. अब्दुल वहीद खाँकडे तालीम झाली होती. १९२१ साली मुंबईत त्या लोकांपुढे गायल्या. कुलीन बाईने चारचौघांत गाणे तेव्हा कुणाला रुचत नव्हते. तिकीट लावून मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांचे नाव घेतात ते कौतुकाने. पण तिकिटाच्या पैशावर चूल पेटते, हे कौतुक करणारे विसरतात. भावंडांना घेऊन त्यांनी नाटकमंडळीही काढली. ती फार वर्षे टिकली नाही. मैफली मात्र टिकल्या, रेकॉर्डी निघाल्या, १९७०मध्ये पद्मभूषण आले.

खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात वारले. थोर गवई होते, याबद्दल वाद नाही. पण थोरवीने घरभाडे भागत नाही, हेही खरे.

पुढे कायदा बदलत गेला. १९७३च्या संहितेत कलम १२५ आले आणि त्यात आईवडिलांचीही भर पडली. पोटगीची कमाल मर्यादा २००१मध्ये उठली. जुलै २०२४पासून तेच कलम नव्या संहितेत १४४ झाले आहे. विवाहित मुलीवरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले १९८७ साली, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात. तेव्हा हिराबाईंनी ऐंशी ओलांडली होती.