इमाम मालिक (रह.) यांची कबुतरे

वाचकहो, आपला मुलगा पुस्तकाला हात लावीत नाही म्हणून आपण चिंतित असाल, तर ‘मुवत्ता’चे संकलक इमाम मालिक (रह.) यांचे बालपण आठवा. मदीनेत वाढणारा हा मुलगा कबुतरांत रमे. चरित्रकार सांगतात, एकदा वडिलांनी दोघा भावांना प्रश्न विचारला. भावाचे उत्तर बरोबर आले, मालिक चुकले. कबुतरांनी तुला विद्येपासून दूर नेले, असे वडील बोलले. ते जिव्हारी लागले. (असे बोलणे प्रत्येक मुलाला मानवेलच असे नाही.) आईची रीत निराळी. तिने चांगली वस्त्रे घालून, डोक्यावर पगडी बांधून त्यांना रबीआ (रह.) यांच्याकडे धाडले व विद्येआधी त्यांचा अदब शिकण्यास सांगितले. इब्ने हुरमुझ (रह.) यांच्याकडे तर मालिक सात वर्षे शिकले. जाताना अस्तनीत खजूर नेत, उस्तादांच्या मुलांना देत आणि कोणी भेटायला आल्यास शेख कामात आहेत, असे सांगायला लावीत.