काकासाहेब गाडगीळ : लोकनियुक्त सत्ता आणि विजेचे नियमन

तिरुवैयारु या नावातच पाच पवित्र नद्यांचा निर्देश आहे. तंजावूर परिसरातील या गावी त्यागराजांची समाधी असल्याने त्याची ख्याती संगीतक्षेत्र म्हणून झाली. परंतु कावेरीच्या फाट्यांवर जगणाऱ्या या प्रदेशाचा खरा प्रश्न पाण्याच्या वाटणीचा आहे. कालव्याच्या मुखाशी शेत असणारा आणि शेवटच्या टोकाला शेत असणारा, यांना समान न्याय कोणी द्यावयाचा? १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले, पुढे त्याच पाण्यापासून वीजही निघू लागली, आणि हाच प्रश्न तारांमधून वाहणाऱ्या शक्तीला लागू झाला. स्वतंत्र भारतात त्याला कायद्याचे उत्तर देण्याच्या कार्यात ज्या मराठी पुरुषाचा वाटा मोठा होता, ते म्हणजे नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी व पुढे कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी १९२० च्या सुमारास राष्ट्रीय चळवळीत प्रवेश केला. कारावास अनेकदा घडला. केशवराव जेधे यांच्या सहकार्याने पुणे परिसरातील काँग्रेस त्यांनी ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या पलीकडे नेली. १९३४ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून आले आणि विधिनियमांचा काटेकोर अभ्यास करणारे सभासद म्हणून पुढे आले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे आली.

अमेरिकेतील काही राज्यांत वीज व तत्सम सेवांचे दर ठरविणारे आयुक्त थेट मतदारांकडून निवडले जातात. भारताने तो मार्ग स्वीकारला नाही. येथे दराची शिस्त कायद्याने घालावयाची आणि त्या कायद्याचा जाब लोकनियुक्त मंत्र्याने विधिमंडळाला द्यावयाचा, अशी रचना झाली. तिची पूर्वतयारी १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकरांकडे असलेल्या श्रम खात्यात झाली होती. ते कार्य गाडगीळांच्या कारकिर्दीत तडीस गेले आणि १९४८ चा वीजपुरवठा कायदा अस्तित्वात आला.

या कायद्याने मध्यवर्ती वीज प्राधिकरण आणि राज्योराज्यी वीजमंडळे यांची तरतूद केली. शहराशहरांत परवाना घेऊन वीज विकणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या नफ्याला वाजवी परताव्याची मर्यादा घातली, आणि दरांच्या तपासणीसाठी समिती नेमण्याची सोय केली. शहरातील दिव्यांपुरती राहिलेली वीज अर्धनागरी व ग्रामीण भागांत पोहोचावी, हा त्यामागील हेतू. मंडळाने शक्यतो तोट्यात व्यवहार करू नये, असेही त्यात नमूद होते. त्याच वर्षी दामोदर खोरे निगमाचाही कायदा झाला.

तथापि कायदा होणे आणि राज्यांनी तो अंगीकारणे यांत बरेच अंतर पडले. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ मध्ये, तर ज्यात तिरुवैयारु मोडत होते त्या मद्रास राज्याचे १९५७ मध्ये स्थापन झाले. पुढील काळात अनेक राज्य सरकारांनी दरांचा उपयोग मतांसाठी केला आणि मंडळे तोट्यात बुडाली. अखेर १९९८ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आयोगांची वाट मोकळी झाली, आणि २००३ च्या कायद्याने १९४८ ची चौकट रद्द केली. मंडळांची ही अवस्था पाहता, निवडून आलेल्या सत्तेने दर ठरवावेत की तिच्यापासून दूर ठेवलेल्या तज्ज्ञांनी, हा वाद कायद्याने मिटला असे म्हणता येत नाही.

मतदारांना जाब देणे म्हणजे काय, याचा अनुभव स्वतः गाडगीळांना वेगळ्या प्रकरणी आला. १९५२ मध्ये पुण्याने त्यांना लोकसभेत पाठविले. राज्यपुनर्रचनेच्या वादात मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी संसदेत निर्भीडपणे मांडली. मात्र पक्ष सोडला नाही. १९५७ च्या निवडणुकीत त्याच पुण्याने त्यांना नाकारून संयुक्त महाराष्ट्र समितीचे नारायण गणेश गोरे यांना निवडले. लोकमताच्या बाजूने बोललेला मनुष्य लोकमताच्याच लाटेत पडला. कारण मतदाराने त्यांचे भाषण न तोलता त्यांचा पक्ष तोलला.

त्यानंतर १९५८ ते १९६२ पर्यंत ते पंजाबचे राज्यपाल होते. १९६२ च्या सातारा येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ‘पथिक’ हे त्यांचे आत्मचरित्र राजकारणाच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू असताना १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातील कायदा आज अंमलात नाही. परंतु वीज ही विक्रीची वस्तू असली तरी तिच्यावर पहिला हक्क समाजाचा, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेताप्रमाणे तारेच्या शेवटच्या टोकावरील घरही हिशेबात धरले पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्याने देशाच्या व्यवहारात रुजविले. गाडगीळांच्या कारकिर्दीचे मोल या तत्त्वावरून करावयास हवे.