संगीतसूर्य केशवराव : ‘संयुक्त’ने मोठे झाले की लहान?

पुणे, प्रतिनिधी

संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे पुण्यात ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. त्याच्या ८८ दिवस आधी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला होता. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन मालक, दोन अग्रगण्य गायक नट, एकाच नाटकात समोरासमोर उभे राहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या रात्रीइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या एखाद्या रात्रीची झाली असेल.

ती चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. त्या रात्री बाजी कोणी मारली? गंधर्वभक्तांनी आपला कौल दिला, केशवरावांच्या चाहत्यांनी आपला. वास्तविक यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. जो कलावंत स्वतःच्या मंडळीत निर्विवाद पहिला असतो, त्याने तोलामोलाच्या दुसऱ्या कलावंताबरोबर एकाच संचात उतरावे काय? उतरल्यास त्याच्या नावलौकिकात भर पडते, की तो विभागला जातो?

हा प्रश्न केवळ नाटकवाल्यांचा नाही. अमेरिकेत लेब्रॉन जेम्स या बास्केटबॉलपटूने क्लीव्हलँडचा संघ सोडून मायामीत ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांच्यासमवेत खेळण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तेथे असाच गदारोळ उडाला होता. स्वतःच्या बळावर जिंकण्याऐवजी बलाढ्यांच्या टोळीत सामील होऊन मिळवलेले विजेतेपद खरे मानायचे काय, असा सूर निघाला. त्या संघाने २०१२ आणि २०१३ मध्ये अजिंक्यपद मिळवले, तरी तो वाद पुरता मिटला नाही. योगायोग असा, की तो निर्णय दूरचित्रवाणीवरून जाहीर झाला तो दिवसही ८ जुलैच होता, साल २०१०. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर केशवरावांचे आयुष्य पाहावे लागते.

कोल्हापूरचा शारदा

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची गरिबी इतकी, की अगदी कोवळ्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. मंडळीचे चालक जनुभाऊ निमकर यांच्या हाताखाली त्याच्या गळ्याला वळण लागले. शाळेचे शिक्षण जवळपास नाहीच. नाटक मंडळी हेच घर, तीच शाळा आणि तीच पोटापाण्याची सोय. त्या काळी कितीतरी मुले अशी मंडळ्यांत आली, आवाज फुटताच मागे पडली आणि विस्मृतीत गेली. केशवरावांचे तसे झाले नाही.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले होते. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. या नाटकातील शारदा स्वदेशहितचिंतक मंडळीत केशवरावांनी रंगवली, तेव्हा ते स्वतः शारदेच्याच वयाचे, दहा-बारा वर्षांचे होते. प्रौढ नटाने लुगडे नेसून मुलगी व्हायचे आणि खऱ्याखुऱ्या पोरवयातल्या गळ्यातून तिचे दुःख ऐकू यायचे, यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. केशवरावांचे नाव या भूमिकेने गावोगाव पोहोचवले.

त्याच सुमारास दुसरीकडे नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा घडत होता. वयाने केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व हे नाव मिळाले. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. भाऊराव कोल्हटकरांच्या निधनाने पोरक्या झालेल्या त्या मंडळीला नवी नायिका मिळाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आधार बालगंधर्वांना मिळाला, तसा पुढे केशवरावांनाही मिळाला. म्हणजे एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरलेल्या या दोन नटांचा आश्रयदाता काही काळ तरी एकच होता.

सतराव्या वर्षी मालक

केशवरावांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. वय वर्षे सतरा. आजच्या हिशेबाने हा मुलगा बारावीत असता. नाटक मंडळी काढणे म्हणजे केवळ नट गोळा करणे नव्हे. पडदे, कपडेपट, साजिंदे, आचारी, रेल्वेचे भाडे, गावोगावच्या थिएटरची बोलणी, पावसाळ्यातील बेकारी आणि सावकाराचा तगादा, असा हा सगळा संसार. तो केशवरावांनी तेरा-चौदा वर्षे पेलला.

या काळात त्यांनी केलेली कामे ‘संयुक्त’च्या झगमगाटात झाकोळली गेली आहेत, असे या प्रतिनिधीला वाटते. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक १९१३ मध्ये ललितकलादर्शने आणले. मामा वरेरकरांसारख्या, प्रस्थापित वाटेने न जाणाऱ्या नाटककाराला याच मंडळीने जवळ केले. हुंड्याच्या प्रश्नावरचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि त्यानंतर ‘संन्याशाचा संसार’ ही वरेरकरांची नाटके ललितकलादर्शच्या रंगमंचावर आली. पौराणिक कथानकांना हमखास गर्दी होत असताना घरातल्या, समाजातल्या विषयांना हात घालणे हा व्यवसायाच्या दृष्टीने धोकाच होता. नेपथ्याकडेही केशवरावांचे बारीक लक्ष असे. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. गाण्यासाठी त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कसलेल्या गवयाची साथ मिळवली. त्यांचे गाणे आक्रमक, तडफदार, खुल्या गळ्याचे. बालगंधर्वांच्या लडिवाळ, भावात भिजलेल्या गायकीहून ते अगदी वेगळ्या जातीचे होते.

आणखी एक गोष्ट घडली होती. शारदेपासून स्त्रीभूमिकांत नाव कमावलेले केशवराव वाढत्या वयाबरोबर पुरुषभूमिकांकडे वळले होते. ‘मृच्छकटिक’मधला चारुदत्त त्यांनी केला. शाहू महाराजांच्या इच्छेने कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, कुस्त्यांच्या जागी, उघड्यावर झालेल्या ‘मृच्छकटिक’ची आठवण कोल्हापूरकर आजही सांगतात. हे वळण त्यांनी घेतले नसते, तर ‘संयुक्त मानापमान’ झालेच नसते. दोन नायिका एका नाटकात मावत नाहीत.

एक रात्र, दोन मालक

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभारून एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प काँग्रेसने सोडला. १९२१ च्या उन्हाळ्यात देशभर त्यासाठी झोळ्या फिरत होत्या. नाटक मंडळ्याही मागे राहणे शक्य नव्हते. बालगंधर्व तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. १९१६ चे ‘स्वयंवर’ आणि १९१९ चे ‘एकच प्याला’ यांनी गंधर्व नाटक मंडळीचे नाव घरोघरी नेले होते. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून फंडासाठी प्रयोग करायचे ठरले आणि निवड झाली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ची.

ही निवड विलक्षण समर्पक होती. खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने बंदी घातलेली. ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने प्रथम केले, तेव्हाही भामिनी बालगंधर्वांचीच होती. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी ते गाजले. गरीब पण शूर धैर्यधराला श्रीमंतीच्या तोऱ्यात नाकारणारी भामिनी वनमालेच्या वेषात त्याला पारखते आणि त्याच्यावरच भाळते, असे कथानक. नायकाला आणि नायिकेला स्वतंत्र, भरदार पदे. कोणी कोणाच्या सावलीत उभे राहण्याचे कारण नाही.

बास्केटबॉलमध्ये चेंडू एकच असतो. दोघांनी तो एकाच वेळी हाती धरायचा म्हटले तर खेळच थांबेल. संगीत नाटकातही वेळ एकच असते. एक गात असताना दुसऱ्याने गप्प उभे राहायचे, त्याच्या गाण्यावर भाव द्यायचे, वन्समोअर आला तर पुन्हा तेवढाच वेळ ताटकळायचे. आपल्या मंडळीत ज्याच्यासाठी इतर सारे गप्प उभे राहतात, त्याने दुसऱ्यासाठी गप्प उभे राहणे यात खरी कसोटी होती. ती दोघांनीही दिली. सोळा हजारांहून अधिक रुपये या प्रयोगातून जमले, असे नमूद आहे. एका रात्रीच्या नाटकासाठी ही रक्कम त्या काळी थक्क करणारीच म्हणावी लागेल.

केशवरावांच्या बाजूने या प्रयोगाला आणखी एक पदर होता. वेदोक्त प्रकरणापासून शाहू महाराज आणि टिळक यांच्यातील विरोध सर्वश्रुत होता. ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. शाहूंच्या कोल्हापुरातून वर आलेल्या, त्यांचा आश्रय लाभलेल्या मराठा कलावंताने टिळकांच्या नावाच्या फंडासाठी उभे राहणे, ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. बालगंधर्वांना त्यांचे नावच मुळी टिळकांमुळे मिळाले होते. त्यांनी फंडासाठी गाणे स्वाभाविक होते. केशवरावांना मात्र एक पाऊल अधिक टाकावे लागले.

एकत्र येणे आणि एकत्र राहणे

तारांकित कलावंतांनी कायमचे एकत्र येण्याचा प्रयोग मराठी रंगभूमीने त्याआधीच करून पाहिला होता. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. गायक नट, संगीतकार आणि गद्याचा बादशहा, असे हे त्रिकूट. याहून भक्कम संच कोणता असणार? परंतु दोन-तीन वर्षांतच टेंबे बाहेर पडले आणि पुढे त्यांनी ‘शिवराज’ ही स्वतःची मंडळी काढली. बोडसही नंतर दुरावले. मंडळीवर नाव एकाचेच होते. तिघांच्या भागीदारीला ते पुरे पडले नाही, यात नवल ते काय!

‘संयुक्त मानापमान’ टिकले ते बहुधा एका रात्रीचे होते म्हणून. दोघे मालक म्हणून आले आणि मालक म्हणून आपापल्या मंडळीत परत गेले. कोणी कोणाच्या पगारावर नव्हता, कोणी कोणाच्या नावाखाली नव्हता. नावलौकिक विभागला गेला असे म्हणण्याजोगे काही त्या रात्री घडलेच नाही. केशवरावांचे नुकसान झाले असेलच, तर ते नंतर झाले आणि ते करणारे आपणच आहोत. बालगंधर्व त्यानंतर ४६ वर्षे जगले. त्यांनी वैभव पाहिले, कर्ज पाहिले, १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात काम केले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात देह ठेवला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिल्या. जंगली महाराज रस्त्यावरील रंगमंदिर २६ जून १९६८ पासून त्यांचे नाव मिरवीत आहे. केशवरावांना मात्र ८८ दिवसच मिळाले. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील शेवटचे ठळक पान हेच सगळे चरित्र होऊन बसले. बालगंधर्वांच्या समोर उभे राहिलेले ते केशवराव, एवढीच त्यांची ओळख पुण्यात तरी उरली. ज्या शहरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्या शहराने त्यांना याहून थोडे अधिक आठवायला हरकत नव्हती.

कोल्हापुरात तसे नाही. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत जळाले, तेव्हा कलावंतांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

त्यांची मंडळी मात्र त्यांच्या मागे बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्शची धुरा घेतली आणि १९२२ मध्येच वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. पाठोपाठ ‘तुरुंगाच्या दारात’ आले. १९३७ मध्ये बापूराव गेल्यावर खंड पडला, पण त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ते नाव पुन्हा उभे केले. ‘दुरितांचे तिमिर जावो’ने त्याला नवे प्रेक्षक मिळवून दिले. भालचंद्र पेंढारकरांचे निधन २०१५ मध्ये झाले. हुबळीत सतरा वर्षांच्या मुलाने लावलेल्या त्या पाटीला तोवर १०७ वर्षे झाली होती.