पंडित विष्णु नारायण भातखंडे

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी, ज्यांच्या परिश्रमांमुळे संगीताला विद्यापीठात स्थान मिळाले त्या एका थोर पुरुषाचे स्मरण करणे उचित होय. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दाखल्याचा बोध त्यांच्या चरित्रात ठळकपणे दिसतो.

विष्णुपंतांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. इ. स. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. परंतु मन गायनात रमले होते. पुढे पत्नी व कन्या या दोघींचा वियोग घडला. त्या दुःखात खचून न जाता त्यांनी वकिली सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले.

त्या काळी उत्तमोत्तम चिजा घराण्याघराण्यांत बंदिस्त होत्या. विद्या हेच उस्तादांच्या मुलाबाळांचे धन असल्याने ते परक्यास सहसा शिकवीत नसत. गुरूबरोबर कित्येक चिजा मातीत जात. विष्णुपंतांनी देशभर प्रवास केला, रामपूर, जयपूर येथील गुणीजनांपुढे शिष्य होऊन बसले आणि जे मिळाले ते स्वरलिपीत उतरविले. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनी शेकडो चिजा सर्वांसाठी खुल्या केल्या. रागांची दहा थाटांत केलेली त्यांची मांडणी सर्वांस मान्य झाली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

इ. स. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्या पुढाकाराने भरली. इ. स. १९२६ मध्ये लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. त्याचेच आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. अखेरची वर्षे पक्षाघाताने अंथरुणास खिळून, १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुणास पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची एम्. ए. पदवी घेता येते. त्याला कोण्या घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही. ही वाट विष्णुपंतांसारख्यांनी घातली.

आपल्याही धर्मग्रामात जुन्या मास्तरांनी शिकविलेल्या भजनांच्या चाली काही वृद्ध कंठांतच उरल्या आहेत. गायकवृंदातील मुलामुलींनो, त्यांच्यापाशी जाऊन बसा, शिका व लिहून ठेवा. देवाने दिलेले दान पुरून ठेवू नका.