डाइक्स्ट्रा : पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी ते प्रोग्रॅमर

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एड्सगर डाइक्स्ट्रा हे नाव परीक्षेच्या निमित्ताने तरी ठाऊक असते. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ही रीत सुचण्याच्या वर्षभर आधी, आपण करतो ती विद्या की नुसती कारागिरी, या प्रश्नाने हा डच तरुण पुरता अस्वस्थ झाला होता.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणिताची जाणकार. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करावे, अशी त्यांची आधीची इच्छा. पण शाळेतील गुण पाहून ते विज्ञानाकडे वळले आणि लायडन विद्यापीठात सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकू लागले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा वर्ग त्यांनी केला. त्या बळावर मार्च १९५२ पासून अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना अर्धवेळ काम मिळाले.

तेथे सहकारी यंत्र बांधत आणि डाइक्स्ट्रा त्यासाठी आज्ञावली लिहीत. यंत्र अजून उभेच नाही, मग चूक तपासणार कशी? कागदावरच आज्ञावली बिनचूक करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे आयुष्यभर त्यांनी ज्या काटेकोरपणाचा आग्रह धरला, त्याचे मूळ या अडचणीत असावे.

१९५५ पर्यंत दोन दगडांवरचे पाय अवघडू लागले. यंत्र बांधणाऱ्यांकडे निदान व्हॅक्यूम ट्यूब व अॅम्प्लिफायरचे ज्ञान होते. कोणी विचारले तर आपण काय दाखवणार? प्रोग्रॅमिंगला ना ग्रंथ, ना सिद्धांत, ना प्रतिष्ठा. अखेर त्यांनी केंद्रातील वरिष्ठ आद्रियान व्हान वाइनगार्डन यांचे दार ठोठावले. क्षणभराची म्हणून सुरू झालेली भेट काही तास चालली. या विषयाला अद्याप शास्त्राचे रूप नाही, हे वाइनगार्डन यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण संगणक आता जाणार नाहीत आणि विषयाला ते रूप देणाऱ्यांत डाइक्स्ट्रा स्वतःच का नसावेत, असे त्यांनी सुचवले. खोटा दिलासा न देता जबाबदारी सोपवणारे असे वडीलधारे फार थोड्यांना लाभतात. डाइक्स्ट्रा यांनी पदार्थविज्ञानाची पदवी शक्य तितक्या लवकर उरकली आणि मागे वळून पाहिले नाही.

१९५६ मध्ये आर्मॅक या नव्या संगणकाचे उद्घाटन होते. सामान्यांनाही समजेल असे प्रात्यक्षिक हवे होते. वाग्दत्त वधू रिया यांच्यासह खरेदी करून दमल्यावर कॉफी घेत असताना, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत त्यांना जवळच्या मार्गाची रीत सुचली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधील ६४ शहरांचा नकाशा निवडण्यात आला. तीन पानांचा लेख मात्र १९५९ मध्ये छापला गेला.

१९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर असा लिहिला. असा व्यवसायच नाही, म्हणून अॅमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला आणि कागदोपत्री ते सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिकच राहिले!

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आइंडहोव्हन आणि नंतर अमेरिकेत ऑस्टिन येथे त्यांनी अध्यापन केले. त्यांची क्रमांकित टिपणे तेराशेहून अधिक भरतात. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.