डेन्मार्कचे संगीतकार कार्ल नील्सन

डेन्मार्क या लहानशा देशात जे थोर संगीतकार होऊन गेले, त्यांत कार्ल नील्सन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र खेड्यांतील मंडळ्यांस मननीय वाटेल म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो.

ता. ९ जून १८६५ रोजी फ्यून बेटावरील नॉरे लिंडेल्से या खेड्याजवळ एका गरीब घरी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते सातवे. वडील घरांना रंग देत व लग्नसमारंभांत वाद्य वाजवीत. आई घरी गाणी म्हणत असे. सरपणाच्या लांब-आखूड ओंडक्यांवर ठोकले असता निरनिराळे स्वर निघतात, हे कार्ल यांच्या ध्यानी बालपणीच आले. सहाव्या वर्षी त्यांना गोवर आला, तेव्हा आईने त्यांच्या हाती व्हायोलिन दिले. चौदाव्या वर्षी ते ओडेन्से येथील पलटणीच्या बँडमध्ये लागले व १८८४ साली कोपनहेगनच्या संगीत विद्यालयात गेले. १८८९ साली त्यांना राजाच्या वाद्यवृंदात जागा मिळाली. १८९४ साली त्यांची पहिली सिंफनी लोकांपुढे वाजविली गेली, त्या वेळी ते स्वतः मागच्या व्हायोलिनवाल्यांत बसून वाजवीत होते. पुढे त्यांनी आणखी पाच सिंफन्या रचिल्या.

एवढी विद्या अंगी असता गरिबांच्या गाण्यास त्यांनी तुच्छ लेखिले नाही. जन्मभर रस्त्याची खडी फोडून ज्याच्या कबरेवर एक दगडही बसला नाही, अशा मजुराच्या गीतास त्यांनी १९०७ साली चाल लाविली व ती देशभर पसरली. देवळातील गायन साधे व भारदस्त असावे म्हणून थॉमस लाउब हे झटत होते. त्यांच्या प्रेरणेने नील्सन यांनीही भक्तिगीतांस चाली दिल्या. त्यांचा संग्रह १९१९ साली निघाला. १९२२ साली शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या लोकविद्यालयांसाठी या दोघांनी आणखी दोघांसह चालींचे पुस्तक सिद्ध केले. ता. ३ ऑक्टोबर १९३१ रोजी नील्सन यांचा अंत झाला. परंतु त्यांच्या चाली डेन्मार्कच्या देवळांत व शाळांत अद्याप गाइल्या जातात.

साधी चाल म्हणजे हलकी चाल नव्हे. जी वृद्धास व लेकरास एकत्र म्हणता येते, ती रचण्यास मोठीच विद्या लागते. आपल्या मंडळीत पेटी नसेल, शिकलेला गवई नसेल. तथापि सर्वांनी एकमुखाने गाइलेले स्तवन देवाच्या घरी उणे ठरत नाही, असे आम्हांस वाटते.