शांतिदूत बर्नाडोट

[लढाई सैनिकांमध्ये होते, पण तिची झळ सर्वांत जास्त लागते ती निःशस्त्र माणसांना. अशा माणसांचे रक्षण करणे हे केवळ त्यांच्या देशाचे नव्हे, तर साऱ्या जगाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य पार पाडताना ज्यांनी आपले प्राण गमावले, त्या काउंट फोल्के बर्नाडोट यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.]

युरोपच्या उत्तरेला स्वीडन नावाचा देश आहे. या देशाच्या राजघराण्यात २ जानेवारी १८९५ रोजी स्टॉकहोम शहरात फोल्के बर्नाडोट यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा दुसरे ऑस्कर हे त्या वेळी स्वीडनचे राजे होते. फोल्के यांचे वडील मात्र राजपुत्र असूनही वेगळ्या वाटेने गेले होते. राजघराण्याबाहेरच्या मुलीशी विवाह करण्यासाठी त्यांनी गादीवरचा आपला हक्क सोडून दिला होता. त्यामुळे फोल्के राजपुत्र झाले नाहीत. त्यांना काउंट, म्हणजे सरदार, हा किताब मिळाला.

तरुणपणी फोल्के सैन्यात दाखल झाले आणि घोडदळात अधिकारी बनले. १९२८ मध्ये त्यांनी एस्टेल मॅनव्हिल या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. पुढे ते स्वीडनच्या बालवीर चळवळीचे प्रमुख झाले. संकटात सापडलेल्याला जात, धर्म, देश न विचारता मदत करावी, ही या चळवळीची शिकवण त्यांनी मनापासून स्वीकारली होती. तिची कसोटी लवकरच लागणार होती.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. स्वीडन या युद्धात तटस्थ राहिला. तटस्थ देशाची माणसे दोन्ही बाजूंशी बोलू शकतात. या गोष्टीचा उपयोग बर्नाडोट यांनी करून घेतला. १९४३ मध्ये ते स्वीडनच्या रेडक्रॉस संस्थेचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी जर्मनी व ब्रिटन यांच्यात आजारी आणि जखमी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. स्वीडनमधील गोटेनबर्ग बंदरात हे काम पार पडले. त्यामुळे हजारो सैनिक आपापल्या घरी परतू शकले.

याहूनही अवघड काम १९४५ मध्ये त्यांच्यापुढे आले. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने ठिकठिकाणी छळछावण्या उभारल्या होत्या. तेथे लाखो ज्यू, म्हणजेच यहुदी, आणि इतर देशांतील कैदी मरणाच्या दारात उभे होते. जर्मनीचा पराभव जवळ आला होता. पराभवापूर्वी कैद्यांना ठार मारले जाईल, अशी भीती होती. फेब्रुवारी महिन्यात बर्नाडोट बर्लिनला गेले. या छावण्या ज्याच्या ताब्यात होत्या, त्या हिमलर या क्रूर अधिकाऱ्याची त्यांनी भेट घेतली. अशा माणसाबरोबर एका टेबलाशी बसणे सोपे नव्हते. पण कैद्यांचे प्राण वाचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. अनेक भेटींनंतर काही कैद्यांना हलवण्याची परवानगी मिळाली.

मग स्वीडनहून बसगाड्यांचा ताफा निघाला. विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून या गाड्यांना पांढरा रंग दिला होता. त्यांच्यावर लाल क्रॉसची मोठी चिन्हे रंगवली होती. तरीही काही गाड्यांवर विमानांतून गोळीबार झालाच. युद्ध संपेपर्यंत या गाड्यांनी सुमारे १५,००० कैद्यांना सुखरूप बाहेर काढले. त्यांत नॉर्वे आणि डेन्मार्कचे लोक होते. रेव्हन्सब्रुकच्या छावणीतील हजारो स्त्रिया होत्या. अनेक ज्यू कैदीही होते. या कामाला एक दुःखद बाजूही होती. नॉर्वे व डेन्मार्कच्या कैद्यांसाठी जागा करायची म्हणून एका छावणीतील सुमारे २,००० आजारी कैद्यांना याच गाड्यांतून दुसऱ्या छावण्यांत नेऊन सोडावे लागले. पुढे याबद्दल बर्नाडोट यांच्यावर टीकाही झाली. युद्धात दयेचे कामसुद्धा किती कठीण असते, हे यावरून दिसते.

महायुद्ध संपले, पण जगात शांतता नांदली नाही. पॅलेस्टाईनवर त्या वेळी ब्रिटिशांचा अंमल होता. तेथे अरब आणि ज्यू यांच्यात जमिनीवरून व सत्तेवरून संघर्ष चालू होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनची फाळणी करून एक अरब आणि एक ज्यू अशी दोन राष्ट्रे करावीत, असा ठराव केला. जेरुसलेम शहर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचे ठरले. उर्दूत आपण याच शहराला बैतुल मुकद्दस म्हणतो. ज्यू नेत्यांनी हा ठराव मान्य केला. अरबांनी तो नाकारला. गावागावांत लढाई पेटली.

या लढाईत निःशस्त्र माणसे भरडली जाऊ लागली. ९ एप्रिल १९४८ रोजी जेरुसलेमजवळच्या देर यासीन या गावात ज्यूंच्या सशस्त्र गटांनी शंभरहून अधिक अरब गावकऱ्यांना ठार केले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. चारच दिवसांनी जेरुसलेममध्ये हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला. त्यात डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासह सत्तरहून अधिक माणसे मरण पावली. भीतीने आणि सैन्याने हाकलल्यामुळे अरबांची गावे व शहरे ओस पडू लागली. १४ मे रोजी इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांची सैन्ये पॅलेस्टाईनमध्ये शिरली.

१४ मे रोजीच संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पॅलेस्टाईनसाठी एक मध्यस्थ नेमण्याचे ठरवले होते. त्याने तेथील लोकांची सुरक्षितता पाहावी, पवित्र स्थळांचे रक्षण करावे आणि दोन्ही बाजूंत समेट घडवून आणावा, असे त्याचे काम होते. २० मे रोजी या कामासाठी बर्नाडोट यांची निवड झाली. संयुक्त राष्ट्रसंघाचे ते पहिले मध्यस्थ होत. काम मोठे होते, पण हाती सत्ता नव्हती. त्यांच्यामागे सैन्य नव्हते. आपला शब्द आणि जगाची सदिच्छा, एवढ्या बळावर ते निघाले.

बर्नाडोट यांनी विश्रांती घेतली नाही. पांढऱ्या रंगाच्या विमानातून ते कैरो, अम्मान, तेल अवीव अशा शहरांत जात आणि दोन्ही बाजूंच्या नेत्यांना भेटत. अखेर ११ जूनपासून चार आठवड्यांचा युद्धविराम झाला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी बेल्जियम, फ्रान्स, अमेरिका आणि स्वीडन येथील लष्करी अधिकारी निरीक्षक म्हणून आले. हे निरीक्षक निःशस्त्र होते. जेरुसलेममध्ये वेढ्यात अडकलेल्या ज्यू नागरिकांना त्यांच्या देखरेखीखाली अन्न पोहोचू लागले.

जूनच्या शेवटी बर्नाडोट यांनी समेटाची एक योजना मांडली. तिच्यात जेरुसलेम अरबांकडे द्यावे, असे सुचवले होते. दोन्ही बाजूंनी ती योजना फेटाळली. जुलैमध्ये दहा दिवस पुन्हा जोराची लढाई झाली. या दिवसांत इस्राएलच्या सैन्याने लिद्दा आणि रामला ही दोन अरब शहरे जिंकली आणि तेथील हजारो रहिवाशांना घराबाहेर काढले. कडक उन्हात मुलाबाळांना घेऊन ते पायी निघाले. तहानेने आणि थकव्याने कित्येक जण वाटेतच मेले. उरलेले डोंगरावरच्या रामल्ला गावात पोहोचले.

१८ जुलै रोजी दुसरा युद्धविराम सुरू झाला. त्यानंतर बर्नाडोट रामल्लाला गेले. त्यांची गाडी दिसताच निर्वासितांनी तिला गराडा घातला. अन्न द्या आणि आम्हांला घरी जाऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. काही वृद्धांनी वाळून गेलेले भाकरीचे तुकडे खिडकीतून आत दाखवले. तेवढेच त्यांचे अन्न होते. बर्नाडोट यांनी महायुद्धात अनेक निर्वासितांच्या छावण्या पाहिल्या होत्या. पण येथले दृश्य त्यांना त्या सर्वांहून भयानक वाटले.

आता निर्वासितांचा प्रश्न हेच त्यांचे मुख्य काम झाले. त्यांनी जगातील अनेक देशांकडे धान्य, दूध, तंबू आणि औषधांची मागणी केली. निदान काही निर्वासितांना तरी लगेच घरी परतू द्यावे, अशी त्यांनी इस्राएल सरकारला विनंती केली. युद्ध चालू असताना हे लोक परतले तर राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात येईल, असे सांगून सरकारने नकार दिला. बर्नाडोट यांनी हार मानली नाही. १६ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी आपल्या अहवालावर सही केली. सुमारे ३,६०,००० अरब आणि ७,००० ज्यू निराधार झाल्याची नोंद त्यांनी केली. जेरुसलेम कोणाही एका बाजूकडे न देता संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ठेवावे, असे त्यांनी आता सुचवले. निर्वासितांना आपल्या घरी परतण्याचा हक्क आहे आणि ज्यांना परतायचे नाही त्यांना नुकसानभरपाई मिळाली पाहिजे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. तीन वर्षांपूर्वी ज्यू कैद्यांसाठी धावलेला हा माणूस आता अरब निर्वासितांसाठी उभा होता. माणसे बदलली होती. त्याचे तत्त्व तेच होते.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, बर्नाडोट जेरुसलेममध्ये होते. तीन गाड्यांचा त्यांचा ताफा कातामोन भागातून चालला होता. कोणाहीजवळ शस्त्र नव्हते. अचानक एक जीप आडवी आली. इस्राएली सैनिकांसारखा पोशाख केलेली माणसे तिच्यातून उतरली. त्यांतील एकाने खिडकीतून बंदूक आत घालून गोळ्या झाडल्या. बर्नाडोट आणि त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हे दोघे मरण पावले. सेरो यांच्या पत्नीची जर्मन छळछावणीतून सुटका झाली होती आणि त्याबद्दल बर्नाडोट यांचे आभार मानावेत म्हणून सेरो त्यांच्या शेजारी बसले होते, असे सांगितले जाते. बर्नाडोट यांना हदासा रुग्णालयात नेले. पण उपयोग झाला नाही. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते.

हे मारेकरी लेही या ज्यू दहशतवादी संघटनेचे होते. बर्नाडोट यांच्या योजनेमुळे जेरुसलेम आपल्या हातून जाईल, असे त्यांना वाटत होते. इस्राएल सरकारने या संघटनेवर बंदी घातली. तिच्या दोन नेत्यांना शिक्षा झाली, पण लवकरच माफीही मिळाली. प्रत्यक्ष खुनाबद्दल मात्र कोणावरही खटला चालला नाही.

बर्नाडोट गेले, त्यांचे काम थांबले नाही. त्यांचे सहकारी राल्फ बंच यांनी १९४९ मध्ये इस्राएल आणि चार अरब देश यांच्यात शस्त्रसंधीचे करार घडवून आणले. त्यासाठी त्यांना १९५० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ११ डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव केला. शेजाऱ्यांबरोबर शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावे, ही बर्नाडोट यांची शिफारस त्यात आली. तोपर्यंत निर्वासितांची संख्या सात लाखांच्या घरात गेली होती. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने एक स्वतंत्र मदतसंस्था स्थापन केली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जिनिव्हा येथे चौथा करार झाला. युद्धकाळात सामान्य नागरिकांचे रक्षण कसे करावे, यासाठीच तो आहे. बर्नाडोट यांच्या खुनानंतर आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही एक महत्त्वाचा निर्णय दिला. आपल्या सेवकाला इजा झाल्यास संयुक्त राष्ट्रसंघ त्या देशाकडे भरपाई मागू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. १९५० मध्ये इस्राएलने ५४,६२८ डॉलर भरपाई दिली.

१९४ क्रमांकाचा तो ठराव मात्र कागदावरच राहिला. घर सोडलेल्यांपैकी बहुतेकांना परत जाता आले नाही. त्यांची मुले आणि नातवंडे छावण्यांत वाढली. २००५ मध्ये जगातील राष्ट्रांनी एकत्र येऊन आणखी एक गोष्ट मान्य केली. एखादे सरकार आपल्या भूमीवरील लोकांना नरसंहारापासून आणि युद्धगुन्ह्यांपासून वाचवू शकत नसेल, तर त्यांना वाचवण्याची जबाबदारी सर्व राष्ट्रांवर येते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलमधील शेकडो नागरिक हल्ल्यात मारले गेले आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या त्या मदतसंस्थेचेही शेकडो कर्मचारी ठार झाले. नियम होते; ते पाळायला लावणारी इच्छा अपुरी पडली. बर्नाडोट यांनाही हेच उणे जाणवले होते.

निःशस्त्र निरीक्षकांच्या कामाची सुरुवात २९ मे १९४८ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने झाली. म्हणून २९ मे हा दिवस शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शांततेसाठी प्राण देणाऱ्यांचे स्मरण केले जाते. त्या मालिकेतील पहिल्या नावांत बर्नाडोट यांचे नाव आहे. मदत करताना माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. तो निराधार आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

शब्दार्थ
तटस्थ – कोणाचीही बाजू न घेणारा
छळछावणी – कैद्यांना कोंडून त्यांचा छळ करण्याची जागा
मध्यस्थ – दोन पक्षांत समेट घडवून आणणारा
युद्धविराम – लढाई काही काळ थांबवणे
निर्वासित – घरदार सोडून जावे लागलेला
गराडा घालणे – चारी बाजूंनी घेरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फोल्के यांच्या वडिलांनी गादीवरचा हक्क का सोडला?
(आ) बसगाड्यांना पांढरा रंग का दिला होता?
(इ) मध्यस्थाचे काम कोणते होते?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रामल्ला येथे बर्नाडोट यांनी काय पाहिले?
(आ) १६ सप्टेंबरच्या अहवालात त्यांनी कोणत्या गोष्टी मांडल्या?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : युद्ध, निःशस्त्र, पराभव, मान्य.
४. वाक्यांत उपयोग करा : हार न मानणे, ओस पडणे, प्राण गमावणे.
५. माणसे बदलली होती; त्याचे तत्त्व तेच होते, या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.